मंदी आणि पावसाळा: गोव्यात घर-जमीन दलालीचा महिन्याचा खर्च कसा काढायचा?

म्हापसा_दलाल

काम बार्देश आणि पेडण्यात. फ्लॅट, रो-हाऊस, थोड्या जमिनी. गोवा रेराची (स्थावर मालमत्ता नियामकाची) एजंट नोंदणी आहे, जीएसटी नंबरही आहे. चौकशा येतात, साइट दाखवून होतात, पण दस्तापर्यंत फार कमी पोचतात. जे पोचतात त्यांतलं बिल्डरकडचं कमिशन ‘पुढच्या आठवड्यात बघू’मध्ये अडकतं.

महिन्याचा बांधलेला खर्च असा: म्हापशात ऑफिसचं भाडं १८,०००, एका मुलाचा पगार १६,०००, पोर्टलच्या जाहिराती ८,०००, पेट्रोल ९,०००, वीज-फोन-इंटरनेट ३,०००, गाडीचा हप्ता १४,०००. एकूण ६८,०००. घरखर्च ४५,००० वेगळा.

किती महिन्यांच्या खर्चाचं पाणी टाकीत असावं? भाड्याची आणि बंद घरं सांभाळायची कामं घ्यावीत, की त्याने विक्रीचा धंदा मागे पडतो? बिल्डरकडून पैसे वेळेवर कसे निघतात? आणि जीएसटी ठेवावा की सोडावा?

धीर धरा, मार्केट फिरेल वगैरे सगळे सांगतातच. इथे आकड्यांत बोला.

---

हिशेबाची_वही

आधी एका व्यवहारातून हातात नक्की काय पडतं ते मांडू. ८० लाखांचा फ्लॅट, २ टक्के धरले तर १,६०,०००. समोर दुसरा एजंट असेल तर तुमचे ८०,०००. बिल्डर म्हणाला ‘जीएसटी त्यातच’, की त्या ८०,००० मधले १२,२०३ सरकारचे आणि ६७,७९७ तुमचे. त्यावर २ टक्के टीडीएस, म्हणजे देणाऱ्याने आधीच कापलेला आयकर (ऑक्टोबर २०२४ पासून हा दर, आधी ५ टक्के होता) गेला की खात्यात ६६,४०० च्या आसपास. तुमचा धंद्याचा आणि घरचा मिळून खर्च १,१३,०००. म्हणजे असे पावणेदोन व्यवहार दर महिन्याला झाले तर कुठे बरोबरी. मंदीत ते होणार नाहीत हे गृहीत धरूनच पुढचं बोला.

‘जीएसटी त्यातच’ का म्हणतात तेही समजून घ्या. एप्रिल २०१९ पासून निवासी प्रकल्पांवर बिल्डर १ किंवा ५ टक्के जीएसटी लावतो आणि त्याला इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही. तुमचे १८ टक्के त्याला निव्वळ खर्च आहेत, म्हणून तो ते तुमच्या गळ्यात घालतो. दर ठरवतानाच ‘२ टक्के अधिक जीएसटी’ असं लिहून घ्या. नंतर हा वाद कोणी जिंकत नाही.

दुसरी गळती बिलाच्या तारखेत आहे. बिल फाडलं की पैसे येवोत न येवोत, पुढच्या महिन्याच्या २० तारखेला कर भरावा लागतो. दोन-तीन लाखांचं बिल अडकलं तर चाळीस-पन्नास हजार आपल्या खिशातून सरकारला जातात. म्हणून करारात पैशाचे टप्पे लिहा आणि त्या त्या टप्प्याचंच बिल करा. तोवर प्रोफॉर्मा (कच्चं बिल) पाठवा. पण काम पूर्ण झाल्यावर बिल महिनोन्महिने दाबून ठेवता येत नाही, ३० दिवसांची मर्यादा आहे.

उलाढाल मोजताना एक चूक सर्रास होते. बिल्डर पूर्ण १,६०,००० तुमच्या खात्यात टाकतो आणि तुम्ही अर्धे दुसऱ्या एजंटला देता. तुमची उलाढाल मग १,६०,००० धरली जाते, ८०,००० नाही. जीएसटीच्या २० लाखांच्या मर्यादेकडे तुम्ही दुप्पट वेगाने धावता आणि २६एएसमध्येही (तुमच्या नावे कापलेल्या टीडीएसचा आयकर खात्याचा तक्ता) पूर्ण रक्कम दिसते. दोघांनी आपापल्या वाट्याचं बिल थेट बिल्डरला द्यावं.

आयकराचं: कमिशन आणि दलालीच्या उत्पन्नाला ४४एडी (वही न ठेवता अंदाजे नफा दाखवायची सोय) चालत नाही, कलमातच वगळलंय. तरी कितीतरी एजंटांची रिटर्नं सरसकट ८ टक्के नफा दाखवून जातात, आणि टीडीएस कमिशनचा कापलेला दिसतो म्हणून नोटीस येते. वही ठेवा. भाडं, पगार, पेट्रोल, पोर्टल, गाडीचा घसारा हे सगळं खर्चात जातं. मंदीच्या वर्षात नफा १२ लाखांच्या आत राहिला तर नव्या करपद्धतीत कर शून्य येतो आणि कापलेला टीडीएस परत मिळतो. तो परतावा लवकर यावा म्हणून रिटर्न जुलैपर्यंत लांबवू नका. वर्ष चांगलं गेलं तर मात्र १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चचा आगाऊ कर विसरायचा नाही. (२०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेत. मी जुने वापरतोय, कारण सगळ्यांच्या तोंडी तेच आहेत.)

आता टाकी. गोव्यात जून ते सप्टेंबर बाहेरचा ग्राहक जवळजवळ येत नाही, मग चवथ (गणेशोत्सव), मग पितृपक्ष. ऑक्टोबरात बोलणी सुरू झाली तरी दस्त आणि पैसे डिसेंबरपर्यंत. त्यामुळे ३१ मे रोजी सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवा. पण तो चालू खर्चाने मोजू नका, काटकसरीच्या खर्चाने मोजा. ऑफिसात टेबल भागीदारीत ७,०००, मुलगा अर्धा दिवस ९,०००, पोर्टल ३,०००, पेट्रोल ६,०००, फोन-नेट २,०००, हप्ता १४,०००: झाले ४१,०००. घर ४०,००० मध्ये बसवा. ८१,००० गुणिले ६ म्हणजे ४,८६,०००. एवढे आज नसतील तर प्रत्येक कमिशन आलं की आधी जीएसटी वेगळ्या खात्यात, मग उरलेल्याचे २५ टक्के या टाकीत, आणि मगच घर. घराला दर महिन्याला ठरलेली रक्कम द्या. मोठं कमिशन आलं म्हणून घरच्या महिन्याला जास्त द्यायचं नाही.

कापायला बसलात की पहिला हात आरोग्य विम्यावर पडतो. तो ठेवा. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही.

---

पर्वरी_भाडेघर

विक्री मागे पडते की काय, याचं उत्तर: नाही. उलट पुढची विक्री तिथूनच येते, कारण मालकाच्या घराची चावी ज्याच्याकडे, त्यालाच तो आधी विचारतो. पण हे काम फुकट ‘सेवा’ म्हणून घेतलंत तर बुडालात.

भाड्याचं गणित सरळ आहे. पर्वरी-म्हापसा भागात नोकरदार भाडेकरू वर्षभर फिरत असतात आणि त्यांना पावसाळा आडवा येत नाही. करार ११ महिन्यांचा, दलाली एक महिन्याचं भाडं. २०,००० भाड्याच्या घरात दुसरा एजंट असला तर तुमचे १०,०००. महिन्याला असे दोन करार धरा. नूतनीकरणाचं अर्ध्या महिन्याचं भाडं पहिल्याच करारात लिहून ठेवा, नाहीतर अकरा महिन्यांनी मालक आणि भाडेकरू आपसात कागद करून मोकळे होतात. भाडेकरूची पोलीस पडताळणी करून घ्या, आणि पोचपावतीची प्रत आपल्याकडेही ठेवा.

मालक परदेशात असेल तर एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगा: अनिवासी मालकाला भाडं देताना भाडेकरूनेच टीडीएस कापायचा असतो, ३० टक्के आणि वर सेस. भाडेकरूला हे माहीत नसतं, मालकाला कापलेलं नको असतं, आणि सहा महिन्यांनी दोघेही तुमच्याकडे बोट दाखवतात. मालक निवासी असेल आणि भाडं महिना ५०,००० च्या वर असेल तर भाडेकरूने २ टक्के कापायचे.

बंद घरं सांभाळणं हे मात्र गोव्यातलं खरं पावसाळी पीक. मुंबई, दिल्ली, आखात, इंग्लंडमधल्या मालकांचे फ्लॅट मे महिन्यात कुलूप लागून ऑक्टोबरात उघडतात, तोवर कपाटांना बुरशी आणि भिंतींना ओल. महिन्याला ३,००० रुपयांत आठवड्याला एक फेरी, दारं-खिडक्या दोन तास उघड्या, पंखे चालू, नळ सोडून बघणं, वीज आणि सोसायटीचं बिल भरणं, आणि तारखेसह १०-१२ फोटो मालकाला. एका मुलाला एका दिवसात एकाच परिसरातले चार फ्लॅट होतात. परिसर पसरला की पेट्रोल नफा खातं, म्हणून पर्वरीत आठ घेतले तर मांद्र्यातला नववा घेऊ नका.

मेअखेरची फेरी वेगळी, तिचे वेगळे २,००० घ्या: गच्चीची आणि बाल्कनीची पन्हाळी साफ, एसीची ड्रेन नळी फुंकून मोकळी, गॅस सिलिंडर बंद, फ्रिज रिकामा करून दार उघडं, गाद्या उभ्या, लाकडी कपाटांची दारं किलकिली, मेन स्विच बंद करायचा असेल तर इन्व्हर्टरची बॅटरी सोडवलेली.

बिघडतं कुठे? बिलं आपल्या खिशातून भरण्यात. आठ घरांची वीज, सोसायटी, एखादा प्लंबर, आणि बघता बघता तुमचे तीस-चाळीस हजार बाहेर. दर घरामागे १०,००० आगाऊ ठेव घ्या, ती ३,००० वर आली की भरून मागा. दुरुस्ती २,००० पर्यंत न विचारता, त्यावर व्हॉट्सॲपवर ‘हो’ आल्याशिवाय नाही. चावी घेताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ आणि सामानाची यादी, मालकाच्या होकारासह. नाहीतर हरवलेला मिक्सर तुम्हीच नेलेला असतो.

आणि मोह एकच: ‘डिसेंबरात दहा दिवस पाहुण्यांना देऊया’. पर्यटकांना रोजच्या भाड्याने द्यायचं तर गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा, १९८२ खाली पर्यटन खात्याची नोंदणी लागते. ती मालकाच्या नावे नसेल तर हात लावू नका.

आठ घरांचे २४,००० आणि दोन भाडेकरारांचे २०,००० मिळून ४४,०००. वरच्या हिशेबातला धंद्याचा ४१,००० चा खर्च निघाला. विक्रीचं कमिशन मग घराला आणि टाकीला. फक्त हेही उलाढालीत मोजलं जातं आणि यावरही १८ टक्के जीएसटी आहे, हे धरून दर ठरवा.

---

फोंडा_दस्त

वर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मंदीत एजंट मरतो तो न होणाऱ्या व्यवहारांमागे धावून. पेट्रोल, जाहिरात, चार महिने, आणि शेवटी वकील म्हणतो ‘टायटल क्लिअर नाही’. गोव्यात हे बाकी ठिकाणांपेक्षा जास्त होतं, कारण आपला कायदाच वेगळा. तुमच्याकडची सगळी यादी आज तीन ढिगांत लावा: दोन महिन्यांत दस्त होऊ शकतो ते, सहा महिने लागतील ते, आणि देवाच्या हवाली. जाहिरातीचा पैसा फक्त पहिल्या ढिगावर.

ढीग लावायचा कसा? एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीच्या हक्कांचा उतारा) भू-नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर दिसतो. मालकाचं नाव बघून बंद करू नका. कूळ आणि ‘इतर हक्क’ हे रकाने वाचा. कुळाचं नाव असलं तर तो तिसरा ढीग. मुंडकाराचं (जमीनमालकाच्या, म्हणजे भाटकाराच्या, जागेत घर करून राहणाऱ्याचं) घर असलं तर त्याचं घर आणि भोवतालची जागा त्याला मिळण्याचा प्रश्न आधी सुटायला हवा, तोवर ‘बाकीची जमीन विकूया’ हे भाटकाराचं म्हणणं कागदावर टिकत नाही. कोमुनिदादची (गावसंस्थेची सामाईक) जागा असेल तर आफोरामेंतचे (कायमच्या भाडेपट्ट्याचे) मूळ कागद मागा, नसतील तर चहा पिऊन परत या.

मालक विवाहित आहे का हा प्रश्न पहिल्या भेटीतच विचारा. पोर्तुगीज नागरी संहितेनुसार लग्न सामाईक मालमत्तेच्या पद्धतीत असेल, आणि बहुतेकदा ते तसंच असतं, तर विक्रीवर नवरा-बायको दोघांची सही लागते. मालमत्ता एकट्याच्या नावावर दिसली तरी. बायको लंडनला असेल तर मुखत्यारपत्र तिथे साक्षांकित होऊन इथे आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित व्हायला हवं. घर आजोबांच्या नावावर असेल तर इन्व्हेंटरी (वारसांत कोर्टामार्फत वाटणी) झाली का ते विचारा. नुसतं वारसनिश्चितीचं डीड असेल तर वारस कोण ते कळतं, कोणाच्या वाट्याला काय आलं ते नाही. सात वारसांतले पाच तयार आहेत याचा अर्थ व्यवहार तयार नाही.

विकणारा अनिवासी असेल तर घेणाऱ्याला १ टक्का टीडीएस कापून चालत नाही. दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के, वर सरचार्ज आणि सेस, आणि कमी कपातीचं प्रमाणपत्र नसेल तर तो कर पूर्ण किमतीवर कापला जातो. प्रमाणपत्राच्या अर्जाची तयारी घर यादीत घेतानाच करायला सांगा. ऐन दस्ताच्या आठवड्यात हा विषय निघाला की विकणारा किंमत वाढवतो आणि घेणारा पळतो.

जमिनीत सनद (बिगरशेती वापराची परवानगी) आणि झोनिंगचा दाखला नवा काढा, जुनी झेरॉक्स नको. नगरनियोजन कायद्याच्या १७(२) खालचे झोन दुरुस्तीचे नियम मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केले. त्या वाटेने ‘सेटलमेंट’ (वस्तीचा झोन) झालेली जमीन कोणी घेऊन आला तर वकिलाचं लेखी मत येईपर्यंत फलकही लावू नका. शेतजमीन तर दोन दारांनी बंद: अनिवासी भारतीयांना आणि ओसीआयना (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्यांना) ती विकत घेता येत नाही, आणि २०२३ च्या गोवा कायद्यामुळे बिगर-शेतकऱ्यालाही नाही.

मग पहिल्या ढिगात उरतं काय? भोगवटा दाखला असलेल्या इमारतीतला पुनर्विक्रीचा फ्लॅट, कर्ज फिटलेलं किंवा बँकेचं बाकीपत्र हातात, मालक गोव्यात, दोघांची सही मिळणारी, आणि शेजारच्या इमारतीत खरंच नोंदलेल्या दस्ताच्या जवळपासचा भाव. आसगावच्या बंगल्याच्या जाहिरातीतला भाव बघून डिचोलीच्या फ्लॅटचा दर सांगणारा मालक पहिल्या ढिगात येत नाही, कागद कितीही चोख असले तरी.

कागद जमवायचं काम फुकट करू नका. ७,५०० आगाऊ घ्या: उतारे, नकाशा, सनदेची प्रत, निर्बोजा दाखला, सोसायटीचं ना-हरकत. व्यवहार झाला तर कमिशनातून वजा. टायटलचं मत वकीलच देईल आणि त्याचे पैसे मालक थेट त्यालाच देईल. आपण मत द्यायला गेलो की जबाबदारी अंगावर येते.

---

म्हापसा_दलाल

तीन ढिगांची कल्पना लगेच लावतो. दोन शंका. ७,५०० मागितले की मालक म्हणतो, ‘दुसरा एजंट फुकट करतो’. आणि बिल्डरचं अजून राहिलंय.

---

फोंडा_दस्त

फुकट करणाऱ्याकडे जाऊ द्या, तो मालक पंधरा एजंटांकडे आहेच. ७,५०० च्या बदल्यात ९० दिवस फक्त तुमच्याकडे, लेखी. तेही नको म्हणाला तर निदान सरकारी फी आणि प्रतींचा खर्च घ्या. एवढंही द्यायची ज्याची तयारी नाही, त्याला विकायचं नाहीये, भाव काढायचा आहे.

---

सासष्टीकार

बिल्डरचं मी सांगतो.

सुरुवात करारापासून. करार कायदा, कलम २१९: वेगळं ठरलेलं नसेल तर काम पूर्ण झाल्याशिवाय एजंटचं मानधन देय होत नाही. ‘पूर्ण’ म्हणजे काय ते तुम्ही लिहिलं नाही तर बिल्डर लिहितो, आणि त्याच्या मते ते ताबा दिल्यावर होतं, म्हणजे तीन वर्षांनी. रेरा कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करारनाम्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, म्हणून टप्पा तिथेच बांधा: करारनामा नोंदला गेला आणि ग्राहकाचे १० टक्के जमा झाले की अर्धं कमिशन, २५ ते ३० टक्के जमा झाले की उरलेलं. त्यापलीकडे काही ठेवू नका.

परतफेडीचं कलम नीट वाचा. ग्राहकाने बुकिंग रद्द केलं तर कमिशन परत, हे जवळजवळ प्रत्येक बिल्डरच्या छापील करारात असतं. ते पूर्ण काढून टाकणार नाहीत, पण दोन ओळी घालायला सांगा: ही जबाबदारी करारनामा नोंदल्यापासून ९० दिवसांपुरती, आणि बिल्डरच्या उशिरामुळे किंवा परवानगीच्या अडचणीमुळे रद्द झालं तर लागू नाही. ते ९० दिवस संपेपर्यंत त्या कमिशनातला काही भाग खर्चू नका.

ग्राहकाची नोंद महत्त्वाची. साइट दाखवण्याआधी बिल्डरच्या ईमेलवर ग्राहकाचं नाव, फोनचे शेवटचे चार अंक, तारीख, आणि उत्तरात ‘नोंदलं’ हा शब्द. विक्री कार्यालयातल्या मुलाच्या तोंडी ‘चालेल’वर जाऊ नका, तो दिवाळीपर्यंत दुसरीकडे कामाला लागलेला असतो. एजंट-एजंटमध्येही तेच: लोकेशन पाठवण्याआधी वाटा किती ते संदेशात.

वसुलीसाठी दोन हत्यारं. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करा, ऑनलाइन आहे, पैसे लागत नाहीत, आणि काम करण्याआधी करा. सूक्ष्म उद्योगाला पैसे द्यायला लेखी करारात जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं. त्याहून परिणामकारक म्हणजे आयकराचं ४३बी(एच): मुदतीत दिलं नाही तर बिल्डरला तो खर्च त्या वर्षी वजावटीत मिळत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षी मिळतो. उद्यम क्रमांक बिलावर छापा आणि फेब्रुवारीत त्याच्या हिशेबनिसाला, मालकाला नव्हे, एक विनयशील ईमेल पाठवा. हिशेबनीस स्वतःच मालकामागे लागतो.

दुसरं, दर तिमाहीला आपलं २६एएस उघडा. कमिशनवरचा टीडीएस पैसे देताना किंवा खात्यात जमा दाखवताना, जे आधी होईल तेव्हा कापायचा असतो. म्हणजे तुमचे पैसे आले नाहीत पण टीडीएस दिसतोय, तर बिल्डरने स्वतःच्या वहीत तुमचं देणं मान्य केलेलं आहे. नंतर ‘तुमचा ग्राहकच नव्हता’ म्हणणं त्याला अवघड जातं. ३१ मार्चची बाकी ईमेलवर मान्य करून घ्या, कारण दाव्याची मुदत तीन वर्षं.

आणि रेराकडे नोंदणीच नसलेला प्रकल्प कमिशन ४ टक्के म्हणतोय म्हणून विकू नका. ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असतील तर प्रकल्पाला नोंदणीतून सूट आहे, त्यापुढे नाही. रेराचं कलम ९ किंवा १० (एजंटची नोंदणी आणि कर्तव्यं) मोडलं तर दिवसाला १०,००० दंड, मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत.

---

कळंगुट_फेरी

ऑफिस भागीदारीत घालण्याबद्दल थोडा वेगळा विचार. बार्देशात रस्त्यावरच्या फलकावर येणारा मालक असतो, आणि मंदीत ग्राहकापेक्षा मालक मिळणं जास्त कामाचं. तुमचं ऑफिस तळमजल्यावर असेल तर आधी भाडं कमी करायला मालकाशी बोला, दोन टेबलं दुसऱ्याला द्या, मग सोडायचा विचार. पहिल्या मजल्यावरचं असेल तर बिनधास्त सोडा. पत्ता बदलला तर रेरा आणि जीएसटी दोन्हीकडे बदल नोंदवावा लागतो, फलक काढून पळता येत नाही.

पेट्रोलचं: डिसेंबर-जानेवारीत अर्धी मंडळी सुट्टीत वेळ घालवायला बंगले बघतात. गाडी काढण्याआधी फोनवर चार प्रश्न: बजेट किती, कर्ज मंजुरीचं पत्र आहे का, निर्णय कोणाकोणाचा, कधीपर्यंत घ्यायचंय. मग तीन मिनिटांचा व्हिडिओ. तो बघून परत फोन आला तरच फेरी, आणि एका भागातली तीन घरं एकाच फेरीत. कुठे उतरायचं आणि बीच किती लांब, एवढंच विचारणाऱ्याला नकाशा पाठवा. पोर्टलचंही असंच मोजा: महिन्याचे ८,००० भागिले त्यातून झालेल्या खऱ्या फेऱ्या. हजारापेक्षा जास्त पडत असेल तर ते पॅकेज बंद.

---

हिशेबाची_वही

जीएसटीचं राहिलं होतं. उलाढाल २० लाखांच्या खाली गेली असेल आणि वर्षभर जाणार नसेल तर नोंदणी रद्द करता येते. अंतिम विवरण जीएसटीआर-१० तीन महिन्यांत भरायचं, ते विसरलं की विलंब शुल्क चढतं. पण आधी तुमचे बिल्डर बघा. बरेचजण जीएसटी नंबर नसलेल्या एजंटला यादीत घेत नाहीत. काम मुख्यतः पुनर्विक्री, भाडं आणि घरं सांभाळणं असेल तर सोडण्यात फायदा, कारण समोरच्या सामान्य माणसाला तुमचे १८ टक्के जड होतात.

उलाढाल २० ते ५० लाखांमध्ये असेल तर ६ टक्क्यांची कंपोझिशन (कमी दराची सोपी जीएसटी योजना) आहे. त्यात ग्राहकाकडून कर घेता येत नाही, ६ टक्के आपल्या खिशातून, आणि दुसऱ्या एजंटच्या बिलावरचे १८ टक्के क्रेडिटला येत नाहीत. वाटे देऊन काम करणाऱ्याला ती परवडत नाही, एकट्याने करणाऱ्याला परवडते. निवड ३१ मार्चआधी करायची, वर्षाच्या मधे नाही. आणि नंबर ठेवलात तर काम शून्य असलेल्या महिन्याचं शून्य रिटर्नही भरा, एसएमएसनेही जातं. नाहीतर दिवसाला २० रुपये.

उसनवारीबद्दल विचारलं नाही, पण तिथे पोचणार आहात म्हणून: क्रेडिट कार्डाची किमान रक्कम भरत राहणं म्हणजे महिन्याला तीन टक्क्यांच्या आसपास व्याज. त्यापेक्षा मुदतठेवीवर ओव्हरड्राफ्ट, ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त, वापराल तेवढ्यावरच. ठेव नसेल तर सोनेतारण कर्ज, तेही येणं नक्की असलेल्या कमिशनाच्या आधारावरच आणि त्याच्या निम्म्यापर्यंत.

ग्राहकाच्या टोकनला कधी हात लावायचा नाही. टोकन थेट मालकाच्या खात्यात, बँकेतून. २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर मालकाला तेवढाच दंड बसू शकतो. आपल्या खात्यातून ते फिरवलंत तर व्यवहार मोडल्यावर परत द्यायचे पैसे त्या महिन्याच्या ऑफिस भाड्यात गेलेले असतात.

---

म्हापसा_दलाल

यादी लावून झाली. अठ्ठावीस घरं-जमिनींपैकी पहिल्या ढिगात सहाच निघतात. पोर्टलचं पॅकेज या सहांवरच ठेवतोय, बाकीच्यांच्या जाहिराती काढतोय. पर्वरी_भाडेघर, तुमच्याकडे घर सांभाळण्याच्या कराराचा मराठी नमुना असेल तर टाका. ठेव आणि दुरुस्तीच्या मर्यादेची भाषा हवी आहे.

---

पर्वरी_भाडेघर

पूर्ण नमुना वकिलाकडून करून घ्या, पण या दोन ओळी अशा:

‘मालक एजंटकडे रु. १०,००० परतावायोग्य ठेव ठेवेल. त्यातून वीज, पाणी, सोसायटी व मंजूर दुरुस्तीचा खर्च पावतीसह केला जाईल. शिल्लक रु. ३,००० पेक्षा कमी झाल्यास मालक ७ दिवसांत भरून देईल; न भरल्यास बिले भरण्याची जबाबदारी एजंटवर राहणार नाही.’

‘रु. २,००० पर्यंतची तातडीची दुरुस्ती एजंट करील व ४८ तासांत फोटो व पावती पाठवील. त्यावरील खर्चास मालकाची लेखी किंवा संदेशाद्वारे पूर्वसंमती लागेल. संमती न आल्याने झालेल्या नुकसानीस एजंट जबाबदार नाही.’

शेवटचं वाक्य सोडू नका. जुलैत वरच्या मजल्यावरून गळती सुरू होते आणि मालक विमानात असतो.